पणजोबांच्या ट्रंकेतली झाडांची पत्रं

प्रश्न थोडक्यात असा. साताऱ्याकडच्या एका वाड्याची आवराआवर करताना माळ्यावरून पत्र्याची ट्रंक निघाली. पणजोबा सरकारी नोकरीत होते आणि ‘साहेबासाठी झाडं गोळा करायचे’, एवढंच घरात माहीत. ट्रंकेत १९०४ ते १९१३ या काळातली चाळीसेक इंग्रजी पत्रं, दोन जर्मन पत्रं, एक आकड्यांची वही आणि जुन्या वर्तमानपत्रांत दाबलेल्या वाळक्या फांद्यांचा गठ्ठा. विचारणाऱ्यांनी लिहिलंय, ‘पत्रांत नुसते नंबर आणि लॅटिन नावं आहेत, घरचं काहीच नाही. यात वाचण्यासारखं काही आहे का? पत्रं तारखेप्रमाणे लावून फाइल करावी म्हणतो. फांद्या टाकून दिल्या तर चालेल ना?’

शेवटापासून सुरुवात करतो. फांद्या टाकू नका. वेगळ्या खोक्यात भरून दुसऱ्या खोलीत नेऊ नका, आणि उघड्या हातांनी चाळूही नका. का, ते पुढे येईल. तुम्हाला वाटतंय की तुमच्याकडे पत्रं आहेत, वही आहे आणि थोडा पालापाचोळा आहे. माझी सगळी नोकरी हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या झाडांच्या संग्रहात गेली, आणि मला ही एकच वस्तू दिसते, तीन तुकड्यांत. एक तुकडा हरवला की उरलेल्या दोघांची किंमत रद्दीच्या भावाला येते.

त्या काळी झाडाला नाव टपालाने मिळायचं. पुण्यात, महाबळेश्वरात किंवा कारवारात एखादं अनोळखी रोप सापडलं, तर ते ताडून पाहायला लागणारे जुने नमुने इथे फारसे नव्हते. ते लंडनजवळच्या क्यू बागेत, नाहीतर कलकत्त्याला हुगळीपलीकडच्या शिबपूरच्या बागेत. जोसेफ हूकर यांच्या ‘फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया’चे सात खंड १८७२ ते १८९७ या काळात निघाले होते, पण छापील वर्णन वाचून जुळ्या भावांसारख्या दोन जाती वेगळ्या काढता येत नाहीत. नमुना नमुन्याशेजारी ठेवावा लागतो. म्हणून पद्धत अशी पडली: एका झाडाच्या एकाच वेळी चार-पाच फांद्या काढायच्या, सगळ्यांना मिळून एकच नंबर द्यायचा, आणि वहीत त्या नंबरापुढे गाव, तारीख, फुलाचा रंग लिहून ठेवायचा. वाळल्यावर रंग जातो, त्यामुळे रंग लिहिणं सगळ्यात महत्त्वाचं. एक फांदी आपल्याकडे ठेवायची, बाकीच्या बोटीने रवाना. तिकडचा जाणकार त्या पाहून नावांची यादी धाडायचा आणि आलेले नमुने आपल्या संग्रहात ठेवून घ्यायचा. तीच त्याची फी.

त्यामुळे उत्तर साधारण असं असतं: दोनशे चौदा, अमुक. दोनशे पंधरा, बहुधा तमुक, पण फळ पाहिल्याशिवाय खात्री नाही. दोनशे सोळा, कळत नाही, आणखी पाठवा. तुम्हाला हे रुक्ष वाटलं. मी मात्र दोनशे सोळावर बोट ठेवून अख्खी दुपार घालवीन. क्यूसारख्या ठिकाणी बसलेला माणूस ‘कळत नाही’ म्हणतो, तेव्हा एक तर नमुना निकृष्ट असतो, नाहीतर झाड नवीन असतं. कुठलं, ते वहीतल्या दोनशे सोळा नंबरच्या ओळीवरून आणि वर्तमानपत्रात दाबलेल्या दोनशे सोळा नंबरच्या फांदीवरून कळेल. पत्रात ते कधीच नसतं, कारण दोघांनाही नंबर पाठ होता.

आता तारखेप्रमाणे फाइल करण्याबद्दल. हौसेने कागद लावणारे सगळे आधी तेच करतात, आणि मग म्हणतात की पत्रांना ना शेंडा ना बुडखा. जरा हिशेब करा. मुंबईहून विलायती टपाल आठवड्यातून एकदा सुटे आणि इटलीतल्या ब्रिंडिसीमार्गे लंडनला पोचायला साधारण दोन आठवडे घेई. १८९८ च्या नाताळापासून साम्राज्यात साध्या पत्राला एक आणा पुरू लागला, त्यामुळे पत्रं भराभर लिहिली जात. नमुन्यांचं पार्सल मात्र मागाहून, सावकाश. भाद्रपदात काढलेलं फूल वाळवून, बांधून, पाठवून त्याचं उत्तर येईतो दिवाळी उलटून जायची. उत्तरात ‘फळ पाठवा’ असलं, तर सड्यावरचं गवत तोवर जळून गेलेलं. म्हणजे पुढच्या पावसाळ्याची वाट पाहणं आलं. त्याही वर्षी पाऊस लांबला तर आणखी एक वर्ष. एका रोपावरचं संभाषण असं तीन-चार वर्षं चालतं, आणि मधल्या पत्रांत इतर तीसेक रोपांची संभाषणं गुंतलेली असतात. म्हणून पत्रं तारखेने लावा, पण वाचा नंबराने. एक कोरी वही घ्या, प्रत्येक नंबराला एक पान द्या, आणि ज्या ज्या पत्रात तो नंबर येईल त्याची तारीख आणि मजकूर त्या पानावर उतरवा. पंधरा दिवस जातील. पण सोळाव्या दिवशी पणजोबा बोलायला लागतील.

तारखांत एक खोच असते. ‘दहाव्या इन्स्टचं पत्र मिळालं’ म्हणजे चालू महिन्याच्या दहा तारखेचं, ‘अल्ट’ म्हणजे गेल्या महिन्याचं. वनस्पतीवाले महिना रोमन आकड्यात लिहितात. सुरुवातीला मीही तो रोमन आकडा नमुन्याचा उपनंबर समजून बसलो होतो.

आता चिठोऱ्यांवरची आणि यादीतली लॅटिन तुटकं. ‘लेग.’ म्हणजे ज्याने गोळा केलं तो. ‘डेट.’ म्हणजे ज्याने ओळख पटवली तो. ‘कॉम.’ म्हणजे ज्याने पाठवलं तो. ही तीन माणसं पुष्कळदा वेगळी असतात, आणि आपल्याकडची गफलत नेहमी पहिल्या आणि तिसऱ्यात होते: झाड काढलं शिपायाने किंवा सहायकाने, पाठवलं साहेबाने, आणि पुस्तकात साहेबच शोधक. तुमच्या वहीत पणजोबांचं अक्षर आहे का, आणि चिठोऱ्यांवर ‘लेग.’पुढे कुणाचं नाव आहे, हे दोन्ही शेजारी ठेवून बघा.

सगळ्यात बोलकं चिन्ह मात्र छापील पुस्तकात सापडतं. थिओडोर कूक हे आयरिश इंजिनिअर. १८६० मध्ये रेल्वेच्या कामावर आले, वसईचा लोखंडी पूल त्यांच्या देखरेखीखाली झाला, आणि १८६५ पासून ते पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे प्रिन्सिपल. १८९३ ला निवृत्त होऊन मायदेशी गेले आणि मग क्यूला बसून त्यांनी आपल्या मुलखाचा वनस्पतिकोश लिहिला, ‘फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे’, १९०१ ते १९०८. आजही महाराष्ट्रात कुणी रोप ओळखायला बसलं की टेबलावर कूक असतो. म्हणजे सह्याद्रीवरचा मूळ ग्रंथ सह्याद्रीपासून हजारो मैलांवर, वाळक्या फांद्या आणि टपाल यांच्या जोरावर झाला. त्यात प्रत्येक जातीखाली ठिकाणं येतात आणि ठिकाणापुढे गोळा करणाऱ्याचं नाव: वुड्रो!, कानिटकर!, भिवा!. ते उद्गारचिन्ह आश्चर्याचं नाही. त्याचा अर्थ, ‘हा नमुना मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे’. चिन्ह नसेल तर लेखक दुसऱ्याच्या शब्दावर विसंबलाय.

ते नाव पाहा, भिवा. साहेबांना आडनावं, कानिटकरांनाही आडनाव, भिवाला नुसती हाक. मी मात्र त्यांना अहो-जाहोच करतो. भिवा यांनी फूल वेळेत गाठलं, ओल्या पावसात कागद बदलत ते वाळवलं आणि ठिकाण नीट सांगितलं, म्हणूनच क्यूला बसलेल्या कूकना तिथे उद्गारचिन्ह टाकता आलं. या माणसांची कामगिरी छापील ग्रंथात एका शब्दाएवढी आहे. त्याहून जास्त काही उरलं असेल, तर ते तुमच्याकडे निघाली तशा ट्रंकांत.

‘इन लिट.’ असं कुठे दिसलं तर थांबा. लॅटिनात त्याचा अर्थ ‘पत्रात’. एखाद्याने पत्रातून नाव सुचवलं पण छापलं नाही, तर त्या नावाला कायद्याने काही किंमत नसते. झाडांच्या नावांचा कायदा प्रसिद्ध झालेल्या शब्दालाच मानतो. असं नाव वर्षानुवर्षं कागदावर पडून राहतं आणि कधी कधी कुणीतरी ते उचलून धरतं. आपल्या मातीतलं उदाहरण घ्या. पुण्यात शेतकी खात्यात काम केलेले आर. के. भिडे गवतांचे मोठे जाणकार. क्यूच्या हर्बेरियमचे प्रमुख ऑटो स्टाफ यांनी एका गवताच्या प्रजातीला ‘भिडेआ’ हे नाव योजलं, पण ते स्वतः छापू शकले नाहीत. १९३३ ला स्टाफ गेले. नाव छापून कायदेशीर झालं १९४९ मध्ये, एन. एल. बोर यांच्या हातून. म्हणून ते आजही ‘भिडेआ स्टाफ एक्स बोर’ असं लिहितात. त्या दोन अक्षरी ‘एक्स’मध्ये, नाव सुचलं आणि नाव छापलं यांच्यातली सगळी वर्षं बसलीत. तुमच्या पत्रांत स्टाफ यांची सही निघाली आणि विषय गवताचा असला, तर मला जरूर कळवा.

सलग लॅटिन परिच्छेद दिसला तर तोही ओलांडू नका. १९०५ साली व्हिएन्नात भरलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या काँग्रेसने ठरवलं की १ जानेवारी १९०८ पासून नवीन जातीचं वर्णन लॅटिनमध्येच हवं. त्यामुळे त्या सुमाराला बरेच जण आपल्या नव्या रोपाचं कच्चं वर्णन अधिक लॅटिन येणाऱ्याकडे तपासायला धाडू लागले. तुमच्या चाळीस पत्रांपैकी एखाद्यात तसा तुकडा निघाला, तर ती नव्या जातीच्या जन्माची टाचणवही समजा.

नावांच्या गोंधळाबद्दल दोन शब्द, कारण यात भलेभले फसतात. पत्रात ‘क्यूचे कूक’ म्हटलं की ते थिओडोर असतीलच असं नाही. एम. सी. कूक नावाचे बुरशीतज्ज्ञही क्यूलाच होते आणि हिंदुस्थानातल्या बऱ्याच बुरशांना त्यांनी नावं दिलीत. विषय पानावरच्या डागांचा असेल तर कूक दुसरे. गॅमी दोन, बाप आणि लेक: जेम्स सिक्कीमकडे सिंकोनाच्या मळ्यांत, जॉर्ज पुण्यात. जॉर्ज यांनी मुंबई इलाख्याच्या ऑर्किडांवर मालिका लिहिली. आणि सेजविक म्हटलं की जीवशास्त्रवाल्यांना केंब्रिजचे अ‍ॅडम सेजविक आठवतात, कारण विल्यम बेटसन यांनी १८ एप्रिल १९०५ च्या पत्रात ‘जेनेटिक्स’ हा शब्द सुचवला तो त्यांनाच. होय, एवढ्या मोठ्या शास्त्राचं बारसं एका खासगी पत्रात झालं.

आपल्याकडचे सेजविक वेगळे. एल. जे. सेजविक, आयसीएस अधिकारी. १९२१ ची मुंबई इलाख्याची जनगणना त्यांच्या हाताखाली झाली. फुरसतीत झाडं. कारवारकडचे जंगल अधिकारी टी. आर. बेल त्यांचे जोडीदार. मद्रासचे फायसन तेव्हा इरिओकॉलॉन या चिवट प्रजातीचा उलगडा करत होते. त्यांनी एका जातीला इरिओकॉलॉन सेजविकी असं नाव दिलं. कासच्या पठारावर श्रावण-भाद्रपदात जमिनीवर पांढरी बटणं विखुरल्यासारखी दिसतात ना, ज्यांना आपण गेंद म्हणतो, तीच ही. त्या बटणाचं फूल इतकं बारीक की भिंगाशिवाय त्यात काही दिसत नाही, आणि जात ठरते ती आतल्या बीवरच्या नक्षीसारख्या गोष्टींवरून. सेजविक १९२५ मध्ये गेले, जेमतेम चाळिशी ओलांडलेले. त्यांचे नमुने आता मुंबईत सेंट झेवियर्सच्या ब्लाटर हर्बेरियममध्ये आहेत.

साताऱ्याकडचे म्हणून तुमच्या गठ्ठ्यात तेरडा असणारच, आणि पत्रांत त्यावरून तक्रारी असणारच. तेरड्याचं फूल म्हणजे पाणीच. पाकळ्या जिलेटिनसारख्या, मागे शेपटीसारखी नळी. कागदात दाबलं की सगळ्या पाकळ्या एकमेकींना आणि कागदाला चिकटून एक तपकिरी डाग उरतो. गुलाबी होता की पिवळा, बाजूची पाकळी दुभंगलेली होती की अखंड, काही कळत नाही, आणि तेरड्याच्या जाती तर नेमक्या त्यावरच ठरतात. जोसेफ हूकर यांनी ऐंशी ओलांडल्यावर हाच वर्ग हाती घेतला. १० डिसेंबर १९११ ला ते चौऱ्याण्णवाव्या वर्षी वारले. अखेरपर्यंत टेबलावर तेरडे. वाळकं फूल गरम पाण्यात मऊ करायचं, सुईने पाकळी सोडवायची, भिंगाखाली चित्र काढायचं, आणि निम्म्या वेळा पाकळी सुईवरच फाटायची. म्हणून मग पत्रं: फूल ताजं असतानाच उलगडा, एकेक पाकळी सुटी करून वेगळ्या चिठोऱ्यावर दाबा, रंग लिहा. तुमच्या गठ्ठ्यात तेरड्याच्या फांदीजवळ छोट्या घडीच्या कागदात सुट्या पाकळ्या सापडल्या, तर समजा की पणजोबांना असं पत्र आलं होतं आणि त्यांनी ते मनावर घेतलं. ती घडी उघडू नका. फोटो काढा आणि तशीच ठेवा.

तुमच्या ट्रंकेत एक गोष्ट नाही, ती लक्षात घ्या: पणजोबांनी लिहिलेली पत्रं. तुमच्याकडे आहेत ती त्यांना आलेली. पत्र नेहमी घेणाऱ्याच्या घरी उरतं. याचं जगप्रसिद्ध उदाहरण मेंडेल यांचं. वाटाण्याचे प्रयोग केल्यावर त्यांनी म्युनिकचे प्राध्यापक नेगेली यांना १८६६ ते १८७३ मध्ये पत्रं लिहिली. मठात मेंडेल यांचे कागद त्यांच्या मागे जाळले गेले. नेगेलींकडे मात्र पत्रं राहिली, आणि त्यांचे शिष्य कार्ल कॉरेन्स यांनी १९०५ मध्ये ती छापली. कॉरेन्स यांची पत्नी नेगेली यांच्या नात्यातली, त्यामुळे घरचे कागद हाती आले. वाटाण्याचा नियम पुन्हा सापडून पाच वर्षं झाल्यावर जगाला कळलं की मेंडेल यांनी तो एका मातब्बर प्राध्यापकाला तेव्हाच, सविस्तर, बियांच्या पाकिटांसकट समजावून सांगितला होता, आणि पुढे मेंडेल हायरेशियम नावाच्या भलत्याच झाडाच्या नादी लागले. त्या झाडाचं बी पुष्कळदा परागीभवनाशिवायच धरतं, म्हणून तिथे नियम दिसेचना. हे सगळं कळलं ते एका बाजूच्या पत्रांतून.

तुमच्या पणजोबांची बाजू शोधायची तर क्यूचा ‘डायरेक्टर्स करस्पॉन्डन्स’ हा संग्रह पाहा. १८४१ ते १९२८ पर्यंतची संचालकांना आलेली पत्रं बांधीव खंडांत ठेवलेली आहेत आणि पुष्कळशी आता संगणकावर दिसतात. हाताखालच्या माणसाचं पत्र बहुतेकदा साहेबाच्या नावाने गेलेलं असतं, त्यामुळे पणजोबांचं नाव घालून काही निघालं नाही तर वुड्रो, गॅमी यांच्या नावाखाली शोधा आणि अक्षर ओळखा. त्यांच्या फांद्यांची जुळी भावंडं पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागात किंवा शिबपूरला असू शकतात. नंबर सांगितला तर तिथली माणसं कपाट उघडतात, हा माझा अनुभव. नुसतं ‘पणजोबांची झाडं’ म्हणून गेलात तर चहा मिळेल.

गावांची नावं वाचताना मात्र क्यूच्या कुठल्याही पंडितापेक्षा तुमचा कान सरस. इंग्रजाने ऐकून लिहिलेलं आणि मग दुसऱ्या इंग्रजाने नकललेलं नाव मोठ्याने म्हणून बघा. किर्की म्हणजे खडकी, बॅसीन म्हणजे वसई, वारी म्हणजे सावंतवाडी, ‘एस. एम. कंट्री’ म्हणजे बेळगाव-धारवाडकडचा दक्षिण मराठा मुलूख. वाडी-वस्त्यांच्या नावांना कुठलाही कोश नाही. घरातल्या थोरल्या आत्याला किंवा गावातल्या गुराख्याला विचारा. मी एक नाव दोन वर्षं नकाशात शोधत होतो. ते गावच नव्हतं, घाटातल्या एका टाक्याचं नाव होतं. एका एसटी कंडक्टरने ऐकताक्षणी सांगितलं.

आता ती दोन जर्मन पत्रं. अक्षर काटेरी, एकसारखं उभं-आडवं दिसतंय आणि एकही शब्द लागत नाही, असं तुम्ही लिहिलंय. ती कुरेंट लिपी. जर्मनांची मोडीच म्हणा. आजच्या जर्मन पोराला ती आपल्या पोरांना मोडी येते तितपतच येते. जर्मन शिकलेल्या भाच्याला देऊन उपयोग नाही, कुरेंट वाचणारा लागेल. तोवर वरचा छापील पत्ता पाहा. बर्लिन-डाहलेम असेल तर तो अडोल्फ एंग्लर यांच्या बागेशी जोडलेला आहे, आणि मग माझे कान टवकारतात. मार्च १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात बर्लिनचं हर्बेरियम जळालं आणि त्यातले बहुतेक नमुने गेले. ज्या नमुन्यांवरून जाती ठरल्या होत्या तेही त्यात गेले. तेव्हापासून बर्लिनला पाठवलेल्या फांदीची इथे उरलेली जोडफांदी म्हणजे सोनं. जर्मन पत्रात जे नंबर आहेत, त्या नंबरांच्या फांद्या तुमच्या वर्तमानपत्रांत आहेत का, हे मी तुमच्या जागी असतो तर सगळ्यात आधी पाहिलं असतं.

एंग्लर यांच्या बर्लिनचं नाव निघालं म्हणून, तिथेच पुढे शिकलेले मालवणचे शंकर पुरुषोत्तम आघारकर आठवले. तरुणपणी मुंबईच्या एल्फिन्स्टनमध्ये शिकवत असताना त्यांना साताऱ्याकडच्या नद्यांत गोड्या पाण्यातली जेलीफिश सापडली. येण्णा-कोयनेच्या पाण्यात जेलीफिश, हे ऐकून आजही लोक हसतात. तोवर ही प्रजाती आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरासारख्या ठिकाणची म्हणून माहीत होती. नमुने कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये नेल्सन अ‍ॅनंडेल यांच्याकडे गेले आणि त्यांनी तिला लिम्नोक्निडा इंडिका असं नाव दिलं. जातीच्या नावापुढे ‘अ‍ॅनंडेल’ लागतं, नदीत उतरलेल्या माणसाचं नाव लागत नाही. अ‍ॅनंडेल यांनी श्रेय लपवलं असं नाही, नियमच तसा. पुढे आघारकर कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले, अभ्यासाला जर्मनीत गेले आणि १९१४ च्या युद्धात शत्रुराष्ट्राच्या प्रजेपैकी म्हणून तिथेच अडकून नजरकैदेत पडले. तरी बर्लिनची डॉक्टरेट घेऊनच परतले. वायव्य हिंदुस्थानातल्या कोरड्या मुलखातली झाडं बी कसं पसरवतात, हा विषय. पुण्यातली आघारकर संशोधन संस्था ती त्यांच्याच नावाची. तुमच्या १९११ च्या पत्रांत ‘मेडुसा’ असा शब्द दिसला तर तो ग्रीक पुराणातला नव्हे.

हाताळणीचं सांगतो आणि थांबतो. जुन्या नमुन्यांना कसर लागू नये म्हणून मर्क्युरिक क्लोराइड लावायची सर्रास पद्धत होती. ते पाऱ्याचं जहर आहे आणि शंभर वर्षांनीही कागदात असतं. कडेला करडे-काळसर डाग दिसले तर नक्कीच समजा. हातमोजे, तोंडाला फडकं, खिडक्या उघड्या, लहान मुलं आणि जेवणाचं टेबल दोन्ही लांब. पत्रं फांद्यांच्या सोबत राहिली असतील तर त्यांनाही हाच नियम.

पाकिटांवरची एडवर्डची आणि पंचम जॉर्जची तिकिटं कुणाला कापू देऊ नका. तिकीट बाजारात शेकड्याने मिळेल, त्यावरचा शिक्का मिळणार नाही, आणि तारीख नसलेल्या पत्राची तारीख तोच सांगतो. पातळ, तेलकट, अक्षर उलटं दिसणारा कागद निघाला तर तो फेकू नका. ती दाबयंत्रावर काढलेली नक्कल असते, म्हणजे जावक पत्राची प्रत. आरशात किंवा मागून उजेडाला धरून वाचा. ट्रंकेत पणजोबांची बाजू निघाली तर ती याच रूपात निघेल.

आणि काही झालं तरी ओल लावू नका. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एक चुरगळलेलं पत्र सपाट व्हावं म्हणून दमट टिपकागदात ठेवलं. शाईचा मजकूर टिकला. पण समासात कुणीतरी जांभळ्या कॉपिंग पेन्सिलीने ठिकाण लिहिलं होतं. त्या पेन्सिलीला पाणी लागलं की ती विरघळते. सकाळी कागद सपाट होता आणि समासात जांभळा ढग. ते झाड आज हर्बेरियममध्ये आहे, नंबर आहे, नाव आहे. कुठलं, ते कुणालाच सांगता येत नाही.

तेव्हा सध्या काही सोडवू नका, काही चिकटवू नका. आधी वहीच्या सगळ्या पानांचे फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवून, दिवसाच्या उजेडात. मग दोन्ही जर्मन पत्रांचे, दोन्ही बाजूंनी. ते पाठवा. त्यातले नंबर मी काढून देतो, म्हणजे गठ्ठ्यात नेमकी कुठली वर्तमानपत्रं उचलायची ते ठरवता येईल.